अमेरिकन फुटबॉलमधील डोक्याच्या दुखापती

अमेरिकन फुटबॉल खेळताना डोक्याला होणाऱ्या दुखापती हा क्रीडावैद्यकातील विशेष अभ्यासाचा विषय आहे. कवटीचे अस्थिभंग, मेंदूच्या आवरणाखालील रक्तस्राव, मेंदूला बसणारा हादरा म्हणजेच कन्कशन, आणि वर्षानुवर्षे बसलेल्या धक्क्यांमुळे पुढील आयुष्यात दिसून येणारा मेंदूचा ऱ्हास यांचा त्यांत समावेश होतो. यांपैकी पहिल्या दोन दुखापतींचे प्रमाण हेल्मेटमुळे पुष्कळ घटले. उरलेल्या दोहोंपासून मात्र हेल्मेट किंवा मैदानाचा मऊ पृष्ठभाग यांपैकी कोणीही पुरेसे संरक्षण देऊ शकलेले नाही. या खेळातील सुरक्षेविषयीचा शतकभराचा वाद मुख्यतः याच फरकाभोवती फिरत राहिला आहे.

भारतात ‘फुटबॉल’ या नावाने खेळला जाणारा खेळ अमेरिकेत ‘सॉकर’ म्हणून ओळखला जातो; प्रस्तुत लेख त्याविषयी नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये लंबगोलाकार चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाच्या हद्दीत न्यावयाचा असतो आणि चेंडू नेणाऱ्या खेळाडूला प्रतिस्पर्धी धरून जमिनीवर पाडतात. या पाडण्याला ‘टॅकल’ म्हणतात. प्रत्येक डाव सुरू होताच दोन्ही संघांच्या पुढच्या फळीतील खेळाडू परस्परांवर आदळतात. त्यामुळे डोक्याला धक्का बसणे हा या खेळात अपवादात्मक अपघात नसून खेळाच्या रचनेचाच भाग आहे.

दुखापतीचे स्वरूप

मेंदू हा कवटीच्या आत मस्तिष्क-मेरुद्रवात तरंगत असलेला, अतिशय मऊ असा अवयव आहे. डोके वेगाने जात असताना एकाएकी थांबले तर कवटी थांबते, परंतु मेंदू जडत्वामुळे पुढे सरकतो. धक्का डोक्याच्या मध्यातून सरळ रेषेत बसला तर रेषीय त्वरण निर्माण होते. तो तिरका बसला तर डोके मानेवर गर्रकन फिरते आणि कोनीय त्वरण निर्माण होते. कोनीय त्वरणात मेंदूचे निरनिराळे थर एकमेकांवरून घसरू पाहतात व त्यांना जोडणारे चेतातंतू ताणले जातात. कन्कशनमध्ये या ताणाचा मोठा वाटा असतो, असे इंग्रज शास्त्रज्ञ हॉलबर्न यांनी १९४३ मध्येच मांडले होते.

कन्कशन झालेला खेळाडू बेशुद्ध पडतोच असे नाही. बहुसंख्य खेळाडू पडत नाहीत. डोकेदुखी, घेरी, मळमळ, तोल जाणे, प्रकाश सहन न होणे, नुकत्याच घडलेल्या गोष्टी न आठवणे ही त्याची लक्षणे होत. सीटी स्कॅनमध्ये बहुधा काहीच दिसत नाही, त्यामुळे निदान लक्षणांवर आणि खेळाडूच्या सांगण्यावर अवलंबून राहते. संघातील स्थान गमावण्याच्या भीतीने खेळाडू लक्षणे दडवतात, ही या क्षेत्रातील जुनी अडचण आहे.

आघाताच्या तीव्रतेचा अंदाज एका साध्या हिशेबाने करता येतो. दीड मीटर उंचीवरून पडलेले डोके जर १ सेंटीमीटर अंतरात थांबले, तर त्याचे सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या १५० पट असते. तेच थांबण्याचे अंतर ३ सेंटीमीटर झाले, तर मंदन ५० पटींवर येते. हेल्मेटच्या आतील अस्तर असो, मैदानावरील माती असो वा कृत्रिम गवताखालचा फोम असो, या सर्वांचे काम थांबण्याचे हे अंतर वाढवणे एवढेच आहे. डोक्याचे फिरणे मात्र यांपैकी कशानेही सहजासहजी रोखले जात नाही.

हेल्मेटचा इतिहास

एकोणिसाव्या शतकात हा खेळ उघड्या डोक्यानेच खेळला जाई. १८९३ मध्ये भूसेना आणि नौदल या दोन अकादमींच्या सामन्यात जोसेफ रीव्ह्ज या नौदलाच्या विद्यार्थ्याने डोक्यावर संरक्षक टोपी घातली. डोक्याला आणखी एक मार बसल्यास वेड लागेल किंवा मृत्यू येईल, असे डॉक्टरांनी बजावल्यामुळे त्याने ती ॲनापोलिस येथील एका चांभाराकडून करवून घेतली होती, असे सांगितले जाते. हाच रीव्ह्ज पुढे अमेरिकी नौदलात ॲडमिरल झाला.

१९०५ च्या हंगामात वृत्तपत्रांनी मोजलेल्या मृत्यूंची संख्या १८ च्या घरात गेली. त्या वर्षी ९ ऑक्टोबर रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळातील हिंसा कमी करण्यास सांगितले. पुढच्या वर्षी चेंडू पुढे फेकण्यास मुभा देण्यात आली. त्यामुळे एकाच ठिकाणी साचणारी झुंबड विखुरली. त्याच सुमारास स्थापन झालेली आंतरमहाविद्यालयीन संघटना १९१० पासून नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन या नावाने ओळखली जाऊ लागली. या पहिल्या मोठ्या सुधारणेत साधनांचा काही संबंध नव्हता, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बदलला तो खेळाचा नियम.

चामड्याच्या टोप्या त्यानंतर रूढ झाल्या. महाविद्यालयीन खेळात हेल्मेट १९३९ मध्ये सक्तीचे झाले, तर नॅशनल फुटबॉल लीग या व्यावसायिक संघटनेने ते १९४३ मध्ये सक्तीचे केले. रिडेल कंपनीने १९३९ मध्ये प्लॅस्टिकचे हेल्मेट आणले. त्याचे कवच इतके टणक होते की समोरच्या खेळाडूला त्यानेच इजा होऊ लागली. लीगने १९४८ मध्ये त्यावर बंदी घातली आणि पुढच्याच वर्षी ती उठवली. १९५३ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्स संघाचा क्वार्टरबॅक ऑटो ग्रॅहम याच्या तोंडाला सामन्यात मोठी जखम झाली. मध्यंतरात त्याच्या हेल्मेटला पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी बसवून त्याला पुन्हा खेळवण्यात आले. त्यानंतर अल्पावधीतच चेहऱ्यापुढची जाळी सर्वत्र आली.

टणक कवच आणि जाळी यांमुळे नाक, दात व कवटी सुरक्षित झाली. पण त्याबरोबर खेळण्याची रीतही बदलली. पूर्वी खांद्याने व हातांनी केले जाणारे टॅकल आता डोके पुढे करून केले जाऊ लागले, आणि प्रशिक्षकही तसेच शिकवू लागले. भाल्यासारखे डोके खुपसण्याच्या या पद्धतीला ‘स्पिअरिंग’ असे नाव पडले. १९६८ मध्ये खेळातील प्रत्यक्ष दुखापतींमुळे ३६ खेळाडू दगावले. हेल्मेट सर्वत्र वापरात असताना हे घडले.

या मृत्यूंनंतर १९६९ मध्ये ‘नॉक्सी’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी, क्रीडासाधनांची मानके ठरवणारी राष्ट्रीय समिती स्थापन झाली. तिने १९७३ मध्ये हेल्मेटसाठी पहिले मानक प्रसिद्ध केले. ते पूर्ण करणारे हेल्मेट महाविद्यालयांत १९७८ पासून व शाळांत १९८० पासून बंधनकारक झाले. दरम्यान १९७६ मध्ये शालेय व महाविद्यालयीन नियमांत स्पिअरिंगवर बंदी आली. या बंदीमागे अस्थिरोगतज्ज्ञ जोसेफ टॉर्ग यांनी मानेच्या दुखापतींची केलेली नोंदणी होती. डोके खाली घालून आदळल्याने मानेचे मणके तुटून हातपाय कायमचे लुळे पडल्याची प्रकरणे १९७६ च्या हंगामात ३४ होती. १९८४ मध्ये ती ५ वर आली. १९९० मध्ये खेळातील प्रत्यक्ष दुखापतीमुळे एकही मृत्यू नोंदला गेला नाही. सुधारलेले हेल्मेट आणि बदललेला नियम ही दोन्ही कारणे एकाच दशकात आल्यामुळे श्रेयाची वाटणी करणे अवघड आहे. मानेच्या दुखापतींतील घट मात्र स्पष्टपणे नियमाची आहे, कारण हेल्मेट मानेला वाचवू शकत नाही.

हेल्मेटच्या चाचण्या व मर्यादा

नॉक्सीच्या चाचणीत हेल्मेट घातलेले कृत्रिम डोके सुमारे दीड मीटर उंचीवरून ठोकळ्यावर पाडले जाते आणि रेषीय त्वरणावरून काढलेला तीव्रता-निर्देशांक १२०० च्या खाली राहतो की नाही हे पाहिले जाते. ही मर्यादा कवटी फुटणे व प्राणघातक रक्तस्राव टाळण्याच्या दृष्टीने ठरलेली आहे. कन्कशन त्याहून पुष्कळ कमी तीव्रतेच्या धक्क्यानेही होते. म्हणून मानक पूर्ण करणारे हेल्मेट कन्कशन टाळते, असा अर्थ काढणे चुकीचे ठरते.

सर्व हेल्मेट सारखीच असतात असेही नाही. व्हर्जिनिया टेक या संस्थेने २०११ पासून हेल्मेटांना तारांकित श्रेणी देण्यास सुरुवात केली. आठ महाविद्यालयीन संघांच्या खेळाडूंच्या हेल्मेटांत संवेदक बसवून केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रिडेलच्या जुन्या नमुन्याऐवजी नवा नमुना वापरणाऱ्यांत कन्कशनचा धोका सुमारे ५४ टक्क्यांनी कमी आढळला. याउलट त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, विस्कॉन्सिन राज्यातील दोन हजारांवर शालेय खेळाडूंच्या अभ्यासात हेल्मेटची कंपनी किंवा त्याचे वय यांमुळे कन्कशनच्या प्रमाणात काही फरक पडलेला दिसला नाही. पहिला अभ्यास दोन ठरावीक नमुन्यांची तुलना करतो व प्रत्येक खेळाडूला बसलेले धक्के मोजतो, तर दुसरा प्रत्यक्ष वापरातील सरमिसळ हेल्मेटांचा आहे. म्हणून दोन्ही निष्कर्ष एकमेकांना पूर्णपणे खोडून काढतात असे म्हणता येत नाही.

जुनी हेल्मेट काढून घेणे हाही सोपा विषय नाही. ज्यात दिसणे व ऐकणे सवयीचे झाले आहे असे हेल्मेट सोडण्यास अनेक खेळाडू तयार नसतात. २०१९ मध्ये अँटोनियो ब्राउन या नामांकित खेळाडूने आपले जुने हेल्मेट वापरू द्यावे म्हणून लवादाकडे दाद मागितली होती. ती फेटाळली गेली.

अलीकडे हेल्मेटच्या वरून घालावयाचे ‘गार्डियन कॅप’ हे मऊ आवरण प्रचारात आले आहे. व्यावसायिक लीगने २०२२ मध्ये ते हंगामपूर्व सरावात पुढच्या फळीतील व काही अन्य स्थानांवरील खेळाडूंना सक्तीचे केले, पुढे सक्तीची व्याप्ती वाढवली आणि २०२४ पासून प्रत्यक्ष सामन्यांतही ते ऐच्छिक ठेवले. आवरण घालणाऱ्यांत सरावातील कन्कशन निम्म्याहून अधिक घटल्याचे लीगचे म्हणणे आहे. शालेय खेळाडूंवरील स्वतंत्र अभ्यासात मात्र तसा लाभ आढळला नाही.

दातांवर बसवावयाच्या रबरी संरक्षकामुळे दात व जबडा वाचतो. कन्कशन टळते याला भक्कम पुरावा नाही. तसा दावा करणाऱ्या एका उत्पादकावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१२ मध्ये कारवाई केली. खांद्यांवरील जाड गाद्यांबाबत आक्षेप वेगळाच आहे: त्या आदळणाऱ्याला वेदना होऊ देत नाहीत, त्यामुळे तो अधिक जोराने आदळतो.

मैदानाचा पृष्ठभाग

डोके दुसऱ्या हेल्मेटवर आदळते, गुडघ्यावर आदळते आणि जमिनीवरही आदळते. क्वार्टरबॅकच्या बाबतीत जमिनीवरील आघात विशेष महत्त्वाचा आहे, कारण चेंडू फेकताना तो जवळजवळ स्थिर उभा असतो आणि धक्का लागताच पाठीवर पडून त्याच्या डोक्याची मागची बाजू जमिनीवर आपटते. व्यावसायिक लीगच्या आकडेवारीनुसार क्वार्टरबॅकना होणाऱ्या कन्कशनपैकी जवळजवळ निम्मी जमिनीवरील आघाताने होतात. म्हणूनच २०२३ मध्ये लीगने खास क्वार्टरबॅकसाठी मागील बाजूस अधिक संरक्षण असलेल्या हेल्मेटला मान्यता दिली.

नैसर्गिक गवताचे मैदान सर्वत्र सारखे नसते. ओलसर, भुसभुशीत मातीवरील दाट गवत आघात चांगला शोषते. तुडवून घट्ट झालेली, गवत उडालेली किंवा गोठलेली जमीन काँक्रीटच्या जवळपास जाते. ३१ डिसेंबर १९६७ रोजी ग्रीन बे येथे उणे २५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमानात झालेला अंतिम सामना ‘आइस बोल’ म्हणून प्रसिद्ध आहे. तेथे गवताखालील तापवण्याची यंत्रणा बंद पडून ओलावा गोठला आणि संपूर्ण मैदान बर्फासारखे टणक झाले.

कृत्रिम गवत प्रथम १९६४ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यातील मोझेस ब्राउन या शाळेत बसवण्यात आले. त्याला प्रसिद्धी मिळाली ती ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममुळे. या बंदिस्त क्रीडागाराच्या पारदर्शक छतातून येणाऱ्या प्रकाशाने खेळाडूंचे डोळे दिपत, म्हणून छत रंगवण्यात आले. त्यामुळे आतले खरे गवत मेले आणि १९६६ मध्ये त्याच्या जागी मोन्सँटो कंपनीचे नायलॉनचे गवत आले. तेच पुढे ‘ॲस्ट्रोटर्फ’ झाले. १९६९ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन फील्डवर ते आल्यावर व्यावसायिक फुटबॉलमध्ये त्याचा झपाट्याने प्रसार झाला. आखूड तंतूंचा गालिचा, त्याखाली फोमचा पातळ थर आणि त्याखाली डांबर किंवा काँक्रीट अशी या पहिल्या पिढीची रचना होती. फोम काही वर्षांत दबून जाई आणि खेळाडू अक्षरशः फरसबंदीवर पडत. फिलाडेल्फियाच्याच व्हेटरन्स स्टेडियमचे मैदान यासाठी कुप्रसिद्ध होते. ऑगस्ट २००१ मध्ये तेथील एक हंगामपूर्व सामना मैदानाच्या दुरवस्थेमुळे रद्द करावा लागला.

सध्या वापरात असलेल्या तिसऱ्या पिढीच्या मैदानांत लांब पॉलिथिलीन तंतूंमध्ये वाळू व जुन्या टायरांच्या रबराचा चुरा भरलेला असतो. आघात शोषण्याचे काम हा भराव करतो. सततच्या वापराने तो दबतो, बाजूला सरकतो, आणि जेथे वर्दळ जास्त तेथेच त्याची उंची कमी होते. त्यामुळे तो वरचेवर विंचरून पुन्हा भरावा लागतो. नवे असताना मऊ असलेले मैदान देखभालीअभावी धोकादायक होते, आणि मर्यादित निधी असलेल्या शाळांत नेमकी देखभालच राहून जाते.

पृष्ठभागाचा टणकपणा ‘जी-मॅक्स’ या मूल्याने सांगितला जातो. ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून पाडून त्याचे कमाल मंदन गुरुत्वत्वरणाच्या किती पट होते हे मोजतात. अमेरिकी मानकानुसार कृत्रिम मैदानासाठी २०० ही कमाल मर्यादा आहे. व्यावसायिक लीगमध्ये ‘क्लेग हॅमर’ या वेगळ्या उपकरणाने मोजणी होते आणि त्यासाठी १०० ची मर्यादा आहे. दोन उपकरणांचे आकडे परस्परांशी सरळ ताडून पाहता येत नाहीत. दोन्ही पद्धती उभ्या, सरळ आघाताच्या आहेत. तिरप्या पडण्याने डोके किती फिरेल, हे त्यांतून कळत नाही.

संशोधनाचे निष्कर्ष पृष्ठभागाच्या पिढीनुसार बदलतात. केविन गुस्किविझ व सहकाऱ्यांनी १७,५४९ शालेय व महाविद्यालयीन खेळाडूंचा अभ्यास करून २००० मध्ये असे मांडले की, कृत्रिम पृष्ठभागावर डोके आपटल्याने होणारे कन्कशन नैसर्गिक गवतावरील कन्कशनपेक्षा अधिक गंभीर असते. तो काळ मुख्यतः जुन्या पद्धतीच्या गालिच्यांचा होता. टेक्सासमधील आठ शाळांच्या पाच हंगामांच्या नोंदींवरून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र भराव असलेल्या नव्या कृत्रिम गवतापेक्षा नैसर्गिक गवतावरच डोक्याच्या दुखापती अधिक आढळल्या. या विषयावरील काही संशोधनास गवत उत्पादकांचे अर्थसाहाय्य होते, हे वाचताना लक्षात ठेवावे लागते. व्यावसायिक खेळाडूंची संघटना नैसर्गिक गवताची मागणी आग्रहाने करते. तिचा मुख्य आधार मात्र गुडघा व घोटा यांच्या दुखापती हा आहे, डोक्याच्या नव्हे.

टागोवायलोआ प्रकरण

२५ सप्टेंबर २०२२ रोजी मायामी डॉल्फिन्सचा क्वार्टरबॅक टुआ टागोवायलोआ घरच्या मैदानावर, नैसर्गिक गवतावर, मागे पडला आणि त्याचे डोके जमिनीवर आपटले. उठताना त्याने डोके झटकले आणि तो लडखडला. पाठीच्या दुखण्यामुळे तोल गेल्याचे सांगण्यात आले व तो उत्तरार्धात पुन्हा खेळला. चारच दिवसांनी सिनसिनाटी येथे, या वेळी कृत्रिम गवतावर, तो पुन्हा तसाच पडला. त्याच्या हातांची बोटे विचित्र रीतीने आखडलेली लाखो प्रेक्षकांनी दूरचित्रवाणीवर पाहिली. त्याला स्ट्रेचरवरून रुग्णालयात न्यावे लागले.

चौकशीअंती नियमांचे शब्दशः पालन झाले होते, परंतु नियमांमागचा हेतू साध्य झाला नाही, असे लीग व खेळाडू संघटना यांनी संयुक्तपणे जाहीर केले. ऑक्टोबर २०२२ मध्ये नियम बदलण्यात आला: चालण्यात वा बोलण्यात असंतुलन दिसल्यास, कारण काहीही सांगितले गेले तरी, त्या दिवशी खेळाडूला परत उतरवता येत नाही. या प्रकरणातील दोन मैदाने दोन प्रकारची होती आणि हेल्मेट दोन्ही वेळा डोक्यावर होते. २०२३ च्या हंगामापूर्वी टागोवायलोआने सुरक्षितपणे पडणे शिकण्यासाठी जुजित्सूचा सराव केला.

दीर्घकालीन परिणाम

मुष्टियोद्ध्यांमध्ये वारंवारच्या माराने येणारी भ्रमिष्टता १९२८ मध्ये हॅरिसन मार्टलँड यांनी वर्णिली होती. फुटबॉलपटूंच्या बाबतीत तसाच विकार प्रथम दाखवून दिला तो नायजेरियात जन्मलेले विकृतिशास्त्रज्ञ बेनेट ओमालू यांनी. पिट्सबर्ग स्टीलर्सचा गाजलेला खेळाडू माइक वेबस्टर २००२ मध्ये वयाच्या ५० व्या वर्षी वारला. त्याच्या मेंदूत ओमालू यांना टाऊ या प्रथिनाचे विकृत साठे आढळले. २००५ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या विकाराला क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, संक्षेपाने सीटीई, असे म्हणतात. त्याचे निश्चित निदान आजही मृत्यूनंतर मेंदूची तपासणी करूनच होते.

बोस्टन विद्यापीठातील ॲन मॅकी व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये २०२ दिवंगत खेळाडूंच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी १७७ मेंदूंत, आणि व्यावसायिक लीगमध्ये खेळलेल्या १११ पैकी ११० जणांच्या मेंदूंत, सीटीई आढळला. हे मेंदू बहुधा लक्षणे दिसलेल्या खेळाडूंच्या कुटुंबीयांनी दान केलेले होते, म्हणून सर्व खेळाडूंना हे प्रमाण लावता येत नाही. कन्कशनच्या संख्येपेक्षा कारकिर्दीत बसलेल्या लहानमोठ्या सर्व धक्क्यांच्या एकूण भाराशी या विकाराचा संबंध अधिक दिसतो. ज्या धक्क्याने कोणतेही लक्षण उद्भवत नाही, तोही या हिशेबात जमा होतो.

लीगने हा संबंध दीर्घकाळ नाकारला. २०१६ मध्ये तिच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे तो मान्य केला. माजी खेळाडूंनी केलेल्या दाव्यांत न्यायालयाने २०१५ मध्ये मोठ्या रकमेची तडजोड मंजूर केली. कृष्णवर्णीय खेळाडूंची मूळ बौद्धिक क्षमता कमी गृहीत धरून त्यांची भरपाई अडवणारी पद्धत त्या तडजोडीत वापरली जात होती. ती बंद करण्याचे लीगने २०२१ मध्ये मान्य केले.

कायदे व नियमांतील बदल

वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये केलेल्या लिस्टेड कायद्यानुसार, कन्कशनची शंका येताच शालेय खेळाडूला मैदानाबाहेर काढणे आणि वैद्यकीय व्यावसायिकाच्या लेखी परवानगीशिवाय परत न खेळवणे बंधनकारक झाले. २०१४ पर्यंत सर्व ५० राज्यांनी असे कायदे केले. पहिल्या कन्कशनमधून मेंदू सावरण्याआधी दुसरा धक्का बसल्यास मेंदूला प्राणघातक सूज येऊ शकते, आणि याचा धोका कोवळ्या वयात अधिक मानला जातो.

सर्वाधिक धोक्याचा क्षण ‘किकऑफ’चा असतो, कारण त्यात दोन्ही बाजूंचे खेळाडू लांबून धावत येऊन परस्परांवर आदळतात. आयव्ही लीग या विद्यापीठ गटाने २०१६ मध्ये किकऑफची जागा ३५ वरून ४० यार्डांच्या रेषेवर नेली. त्यामुळे पूर्वीपेक्षा अधिक चेंडू मैदानाच्या टोकापलीकडे जाऊन डाव धावण्याआधीच थांबू लागला. दर हजार किकऑफमागे कन्कशनचे प्रमाण १०.९३ वरून २.०४ वर आले. त्याच गटाने हंगामातील सरावात पूर्ण जोराचे टॅकलही बंद केले. व्यावसायिक लीगने २०२४ मध्ये किकऑफची मांडणीच बदलली: दोन्ही संघांचे बहुतेक खेळाडू जवळजवळ समोरासमोर उभे राहतात आणि चेंडू खाली पडेपर्यंत किंवा झेलला जाईपर्यंत त्यांना हलता येत नाही. प्रथम एका वर्षासाठी केलेला हा बदल २०२५ मध्ये कायम करण्यात आला.